मेलमधून उतरलात, आता पुढं? मराठवाड्यातून मुंबईत येणाऱ्यांसाठी लोकल आणि भुयारी मेट्रो

देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, राज्यराणी, जनशताब्दी, वंदे भारत. मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची ही नावं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कोणत्या गाडीत वेटिंग लवकर क्लिअर होतं, कोणत्या गाडीचे जनरल डबे पुढं लागतात, हे सांगणारे परभणी-नांदेडच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. पण मुंबईत उतरल्यावर काय करायचं हे विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, टॅक्सी कर. मग सीएसएमटीवरून अंधेरीला जायला टॅक्सीचे एवढे पैसे जातात की तेवढ्यात नांदेडहून स्लीपरनं पुन्हा यावं.

हा लेख त्या पुढच्या टप्प्यासाठी आहे. दवाखाना, मंत्रालय, मुलाखत, परीक्षा, विमान किंवा पोरीचं घर, काम कोणतंही असो. मुंबईत लोकल होतीच. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही पूर्ण सुरू झाली आहे आणि ती सीएसएमटीवर रेल्वेला अगदी खेटून जाते. दोन्हींची सांगड घालता आली तर मुंबईतलं बहुतेक काम टॅक्सीशिवाय होतं. गोष्ट एवढीच की आपल्या तिकिटावर जरी मुंबई लिहिलं असलं, तरी मुंबईला उतरायचं असं काही नसतं. कल्याण, ठाणे, दादर आणि सीएसएमटी यांतलं एक निवडायचं असतं. ती निवड चुकली की पुढचा सगळा प्रवास उलटा पडतो.

पहिली पायरी: कुठं उतरायचं ते घरूनच ठरवा

संभाजीनगर-मनमाड मार्गानं येणारी गाडी नाशिक, इगतपुरी करत कसारा घाट उतरते आणि कल्याणला येते. मग ठाणे, दादर आणि शेवटी सीएसएमटी. लातूर-धाराशिवची गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत खंडाळ्याचा घाट उतरते, पण तीही कल्याणलाच येऊन मिळते. प्रत्येक गाडी चारही ठिकाणी थांबतेच असं नाही, म्हणून तिकीट काढताना थांबे पाहून घ्या. नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला जाणारी गाडीही आहे. तिचं गणित वेगळं, कारण पनवेलला उतरलं की तुम्ही थेट हार्बरच्या लोकलवर येता. बीडकर मंडळी अजूनही बहुतेक ट्रॅव्हल्सनंच येतात आणि ट्रॅव्हल्सवाला पहाटे वाशी, चेंबूर, सायन असं कुठं तरी पुलाखाली उतरवतो. वाशीला हार्बरचं स्टेशन आहे, सायनला मध्य रेल्वेचं. तिथून पुढं हाच लेख लागू पडतो.

आपल्या आजोबांना गाडी बदलण्याचं कौतुक नव्हतं. नव्वदच्या दशकापर्यंत मराठवाड्यातला मुख्य मार्ग मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता, त्यामुळे मनमाडला ट्रंका-वळकट्या घेऊन रुंद रुळांच्या ब्रॉडगेजच्या गाडीत जावंच लागायचं. थेट गाड्या आल्या आणि ती सवय मोडली. मुंबईत ती पुन्हा लावून घ्यायची आहे.

आता निवड. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, अंबरनाथला नातेवाईक असतील तर कल्याणला उतरा. आपल्याकडची कित्येक माणसं मुद्दाम सीएसएमटीपर्यंत जातात आणि परत तासभर मागं येतात, कारण तिकीट तिथपर्यंतचं असतं. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात सकाळ जाते. ठाणे, मुलुंड, भांडुप किंवा नवी मुंबईतलं ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे असेल तर ठाण्याला उतरा. ठाण्याहून वाशी-पनवेलकडं जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल नऊ आणि दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते.

परळचं टाटा रुग्णालय, केईएम, वाडिया, यांसाठी दादर. आपल्या भागातून येणाऱ्यांतली मोठी संख्या टाटाला येणाऱ्यांची असते, म्हणून हे नीट वाचा. दादरपासून परळ एकच स्टेशन सीएसएमटीच्या बाजूला आहे, पण स्लो लोकल धरावी लागते. जलद लोकल परळला न थांबता पुढं जातात. परळ स्टेशनापासून टाटा चालत जाण्यासारखं आहे, मात्र केमोचा पेशंट सोबत असेल तर लोकलचा हट्ट करू नका, दादरवरून सरळ टॅक्सी करा. टॅक्सीचे पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथं करावेत. पहिल्यांदा कागदपत्रं घेऊन एकटं कोणी जाणार असेल, रिपोर्ट आणायचे असतील, तेव्हा लोकल ठीक.

जे. जे. रुग्णालयासाठी भायखळा. तिथं जलद लोकलही थांबते. मंत्रालय, विधान भवन, उच्च न्यायालय, आझाद मैदान, फोर्टमधल्या सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी शेवटपर्यंत, म्हणजे सीएसएमटीला जा. आझाद मैदान मराठवाड्याला नव्यानं दाखवायची गरज उरलेली नाही. स्टेशनाच्या बाहेर पडलं की समोरच आहे, त्यासाठी लोकलही नको नि मेट्रोही नको.

दुसरी पायरी: तीन रेघा लक्षात ठेवा

मुंबई उत्तर-दक्षिण लांब आहे आणि लोकलच्या रेघाही तशाच. पश्चिमेला चर्चगेट ते विरार आणि पुढं डहाणू रोड, ही पश्चिम रेल्वे. मधली सीएसएमटी ते कल्याण, तिथून एक फाटा कसाऱ्याला आणि एक कर्जत-खोपोलीला, ही मध्य रेल्वे. तिसरी हार्बर, सीएसएमटीवरून पनवेलला, शिवाय तिचाच एक फाटा गोरेगावला. पश्चिम आणि मध्य यांचा मोठा मेळ दादरला होतो. बास, एवढं पुरे.

मेट्रोच्या रेघा या तिघींना आडव्या किंवा समांतर जातात. आपल्या कामाच्या दोनच. एक घाटकोपर ते वर्सोवा, ही उन्नत मार्गावरची, म्हणजे रस्त्यावरच्या पुलावरून जाणारी, जून २०१४ पासून चालू असलेली पहिली मेट्रो. दुसरी मेट्रो तीन, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, आरे जेव्हीएलआर ते कफ परेड, साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. दहिसर-अंधेरी पश्चिम आणि दहिसर-गुंदवली या दोन मेट्रोही आहेत, पण बोरिवली-कांदिवलीकडं काम असेल तरच त्यांच्या वाटेला जाल.

तिसरी पायरी: तिकीट

लोकलचं सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये आहे. चहाच्या निम्म्या पैशात प्रवास होतो आणि तरी लोक ते न काढता जातात. विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. टीसी दादर, ठाणे, कुर्ला अशा स्टेशनांवर जिन्याच्या तोंडाशी उभे असतात आणि बॅगा घेतलेला, वर पाट्या वाचत चाललेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो.

मोबाइलवर रेलवन अ‍ॅपमधून तिकीट निघतं. मात्र एक मेख आहे. पेपरलेस तिकीट स्टेशनात, रुळांच्या जवळ उभं राहून काढता येत नाही. फुकट्यांनी टीसी दिसल्यावर घाईनं तिकीट काढू नये म्हणून ती सोय केलेली आहे. मेलमधून उतरणारा माणूस तर आधीच स्टेशनात असतो. त्यामुळे अ‍ॅपशी झटापट न करता सरळ तिकीट खिडकीकडं किंवा एटीव्हीएम मशिनकडं जा. मशिनपाशी बहुधा एखादा मदतनीस उभा असतो, त्याला स्टेशनाचं नाव सांगितलं की तो तिकीट काढून देतो. मेलचं तिकीट हातात आहे म्हणून लोकलमध्ये चालेल, अशा भरवशावर राहू नका. पुढच्या प्रवासाचं वेगळं तिकीट काढा.

आणखी एक. ठाण्याहून अंधेरीला दादरमार्गे लोकलनं जायचं असेल तर ठाणे ते अंधेरी असं एकच तिकीट निघतं. मध्य रेल्वेतून पश्चिम रेल्वेत गेलात म्हणून दुसरं काढावं लागत नाही. मेट्रोचं तिकीट मात्र वेगळं. मुंबई वन नावाचं अ‍ॅप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं आहे, त्यात लोकल, मेट्रो, बेस्टची बस अशी तिकिटं एकत्र काढता येतात. ज्यांचा हात मोबाइलवर चालतो त्यांनी ते घरीच उतरवून, नोंदणी करून ठेवावं. सीएसएमटीच्या गर्दीत ओटीपीची वाट पाहत उभं राहण्यासारखा दुसरा ताप नाही.

चौथी पायरी: इंडिकेटर वाचा

आपल्याकडं स्टेशनवर गाडी आली की ती आपलीच असते, कारण पुढच्या दोन तासांत दुसरी यायचीच नसते. परभणी ते मनमाड बराचसा मार्ग अजून एकेरी आहे आणि क्रॉसिंगला थांबायची आपल्याला सवय लागून गेली आहे. मुंबईत चार-पाच मिनिटांत दुसरी गाडी येते. म्हणून आलेली गाडी धरायची घाई करायची नाही. आधी वरचा इंडिकेटर वाचायचा.

इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन, किती मिनिटांत येणार, गाडी बारा डब्यांची की पंधरा, आणि जलद की धीमी, एवढं असतं. इंग्रजी अक्षरांत एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. शेवटचं स्टेशन एका अक्षरातही येतं, जसं कल्याणला के, ठाण्याला टी. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा आळीपाळीनं येतात, तेव्हा पहिल्या नजरेत कळलं नाही तर पाच सेकंद थांबा.

स्लो गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. फास्ट गाडी सीएसएमटीवरून निघाली की साधारण भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी मोठी स्टेशनं घेते. काही फास्ट गाड्या मधे विक्रोळी, भांडुप, मुलुंडलाही थांबतात. सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटर आहे, फास्टनं साधारण तासाभरात होतं, स्लोनं दीड तासाकडं जातं. नवख्यानं फास्टच्या मोहात पडू नये. फास्ट गाडीत चुकून चढलात आणि स्टेशन मागं राहिलं, तर पुढच्या थांब्यावर उतरून ब्रिज चढून उलट गाडी धरायची एवढंच. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण डोक्यावर बॅग असेल तर ब्रिज फार उंच वाटतो.

दादरला प्लॅटफॉर्मचा घोळ आता कमी झाला आहे. पूर्वी दोन्ही रेल्वेंचे आपापले एक नंबर असायचे आणि एक नंबरवर भेटू म्हणून ठरवलेली माणसं दोन ठिकाणी उभी राहायची. ९ डिसेंबर २०२३ पासून सलग नंबर आहेत. एक ते सात पश्चिम रेल्वे, आठ ते चौदा मध्य रेल्वे. दादरला आधी गेलेले जुने जाणकार अजून जुनेच नंबर सांगतात, त्यांचं ऐकू नका.

पाचवी पायरी: डबा ओळखा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो. लोकल आली की समोरच्या दारात घुसायचं ही मेलची सवय. लोकलमध्ये सेकंड क्लासच्या मधेच फर्स्ट क्लासचा छोटा डबा असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत बसायला जरा बरी गादी आणि मोकळी जागा दिसली की आपला माणूस खूश होतो, नशीब काढलं म्हणतो. पुढच्या स्टेशनावर टीसी चढतो आणि भाड्यातला फरक आणि वर दंड भरावा लागतो. डब्याच्या बाहेर प्रथम वर्ग असं लिहिलेलं असतं. प्लॅटफॉर्मवर तो डबा जिथं लागतो तिथं पिवळ्या-लाल तिरप्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. पिवळ्या-हिरव्या पट्ट्या दिसल्या तर तो महिलांचा डबा.

महिलांच्या डब्यात पुरुषानं चढणं हा गुन्हा आहे, सोबत बायको असली तरी. आई, बहीण, बायको सोबत असेल तर दोन पर्याय. एक, तिनं महिलांच्या डब्यात बसायचं, तुम्ही शेजारच्या डब्यात, आणि कुठल्या स्टेशनावर उतरायचं ते आधी पक्कं करायचं. किंवा दोघांनी जनरल डब्यात, पण गर्दीच्या वेळी नाही. पहिल्यांदा येणाऱ्या बाईमाणसाला मी महिला डबाच सांगेन. तिथल्या बायका विचारल्याशिवायच स्टेशन सांगतात, नवी कोण आणि रोजची कोण हे त्यांना चढतानाच कळतं. अपंग आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीही वेगळा डबा असतो. टाटाचे पेशंट, फाइल सोबत ठेवा आणि त्या डब्याचाच आधार घ्या. तिथं धडधाकट माणसं बसलेली दिसतील. त्यांना उठायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

एसी लोकल पाहिली की चढू नका, तिचं भाडं वेगळं. सेकंड क्लासच्या साध्या तिकिटावर ती चालत नाही.

सहावी पायरी: चढणं, उभं राहणं, उतरणं

गाडी स्टेशनात अर्धा मिनिट थांबते. पाठीवरची सॅक काढून पोटावर घ्या. दाराच्या समोर न राहता बाजूला उभे राहा, उतरणारे उतरू द्या. ते उतरत नाहीत, सांडतात. मग चढा. आत गेलात की दारात न थांबता मधल्या बाजूला सरका, वर पंख्याखाली हँडल असतात ते धरा. बसायला तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस अर्धा टेकतो, त्याला फोर्थ सीट म्हणतात. थोडं सरकता का, एवढं विचारलं की बहुतेक जण सरकतात. आपल्याकडच्यासारखं कुठलं गाव, कोणाचे तुम्ही, असं सुरू करू नका. सकाळच्या गाडीत लोक झोपलेले असतात, उभ्या उभ्यासुद्धा.

उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडं सरकायला लागा. पुढच्या माणसाला विचारायचं, दादरला उतरणार का? तो हो म्हणाला तर त्याच्या मागं उभे राहा, तोच तुम्हाला उतरवेल. नाही म्हणाला तर त्याच्या पुढं जा. स्टेशन कोणत्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा, कारण प्रत्येक स्टेशनाची बाजू वेगळी.

दारात लटकायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी पडले आणि त्यात माणसं गेली. तुमची मेल त्याच रुळांच्या बाजूनं येते. सामान जास्त असेल, म्हणजे ज्वारीच्या पिठाचा डबा, तुपाची बरणी, लोणचं आणि वर पाहुण्यांसाठी धपाटे, तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ लोकलचं नाव काढू नका. सकाळी गर्दी मुंबईच्या दिशेला, संध्याकाळी कल्याण-विरारच्या दिशेला. रात्रीची मेल वेळेवर आली तर गर्दीच्या आधी उतरता, उशिरा आली तर ऐन गर्दीत. अशा वेळी ठाण्याला उतरून लोकलनं पुढं जाण्यापेक्षा मेलमध्येच बसून दादर किंवा सीएसएमटी गाठलेलं बरं.

सातवी पायरी: लोकलवरून मेट्रोत

नाव सारखं असलं म्हणजे स्टेशन जवळ असतं असं मुळीच नाही. दादर रेल्वे स्टेशन आणि दादर मेट्रो स्थानक यांच्यात बाजारपेठ आहे. मेट्रोचं दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या बाजूला, शिवसेना भवनाजवळ आहे. पश्चिमेला बाहेर पडून दहाएक मिनिटं चालायची तयारी हवी, आणि भाजी-फुलांच्या बाजारातून बॅगा घेऊन दहा मिनिटांची पंधरा होतात. बोरिवली पश्चिम हे मेट्रो स्थानक तर लिंक रोडवर आहे, बोरिवली स्टेशनापासून रिक्षा लागते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्यांना मात्र मेट्रोचं दादर शिवाजी पार्काच्या बाजूला पडतं, सीएसएमटीला उतरलेल्यांना तो एक मार्ग आहे. त्या दिवशी पोलीस जी वाट दाखवतील तीच खरी.

खरा मेळ बसतो तो तीन ठिकाणी. पहिलं सीएसएमटी. मेल आठ ते अठरा या प्लॅटफॉर्मवर लागते, लोकल एक ते सातवर. बाहेर पडून रस्त्याखालच्या सबवेत उतरा आणि मेट्रोच्या पाट्या धरून चला, रस्ता ओलांडायचं काम नाही. दुसरं चर्चगेट, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, महालक्ष्मी ही पश्चिम रेल्वेची स्टेशनं. यांच्याशेजारी अ‍ॅक्वा लाइनची स्थानकं आहेत. एसटीनं मुंबई सेंट्रल आगारात उतरणाऱ्यांना हे सोयीचं. तिसरं घाटकोपर. मध्य रेल्वेच्या स्टेशनातूनच पुलानं पहिल्या मेट्रोत जाता येतं. ठाण्याला मेलमधून उतरलेला माणूस फास्ट लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं थेट अंधेरी गाठतो, दादरचा वळसा वाचतो. संध्याकाळी त्या पुलावर गर्दी अशी असते की पाय उचलावा लागत नाही, तेव्हा ती वेळ टाळा.

दोन्ही मेट्रो एकमेकींना मरोळ नाक्याला भेटतात. त्यांचे चालक वेगळे, तिकीटही वेगळं.

मंत्रालयात काम असणाऱ्यांनी सीएसएमटीवर कफ परेडकडं जाणारी मेट्रो धरावी. हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरं विधान भवन. तिथून मंत्रालय चालत. आकाशवाणी आमदार निवासात गाववाल्याच्या ओळखीनं उतरणाऱ्यांनाही हेच स्थानक. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्या, कलिन्याचं विद्यापीठ, सिद्धिविनायक, वरळी, या सगळ्यांसाठी उलट दिशा, आरेकडं जाणारी.

विमानानं जाणाऱ्यांसाठी आता सगळ्यात सोपं झालं आहे. मेल सीएसएमटीपर्यंत, तिथून आरेकडं जाणारी मेट्रो आणि विमानतळाच्या टर्मिनलप्रमाणं टी-वन किंवा टी-टू स्थानक. एकही गाडी बदलायची नाही. ठाण्याला उतरून घाटकोपर, मरोळ नाका आणि तिथून एक स्थानक टी-टू, हा रस्ता अंतरानं कमी आहे, पण मोठ्या बॅगा घेऊन दोन ठिकाणी जिने चढायचे म्हणजे घाम निघतो. बॅगा असतील तर मी सीएसएमटीच सांगेन. आणि तिकिटावर विमानतळ कोणता लिहिला आहे ते पाहा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, तो पनवेल-उलव्याच्या बाजूला आहे. मेट्रो तीन तिकडं जात नाही.

आठवी पायरी: भुयारात

मेट्रोत पहिल्यांदा शिरणाऱ्याला तीन गोष्टी नव्या वाटतात. बॅग यंत्रातून जाते, माणसाची झडती होते. त्यामुळे विळी, कोयता, सुरी असलं काही गाठोड्यात असेल तर मेट्रोचा विचार सोडा. मग गेट. कागदी किंवा मोबाइलमधल्या तिकिटावरचा चौकोनी कोड गेटवर दाखवला की दार उघडतं. हेच तिकीट बाहेर पडतानाही दाखवायचं आहे. लोकलचं तिकीट उतरल्यावर चुरगाळून फेकायची सवय असते, मेट्रोत तसं केलं तर बाहेरच पडता येत नाही. मग खिडकीवर जाऊन समजूत घालायची आणि पैसे भरायचे. प्रत्येक माणसाचं तिकीट वेगळं स्कॅन होतं, एकाच्या मागं दुसऱ्यानं चिकटून जायचं नाही.

भाडं अंतराप्रमाणं १० ते ७० रुपये. लोकलपेक्षा बरंच जास्त, टॅक्सीपेक्षा बरंच कमी. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर वरच काढा, खाली रेंज दगा देते.

प्लॅटफॉर्मवर काचेची भिंत असते, गाडी आली की तिची दारं आणि गाडीची दारं एकदम उघडतात. दिशा दारावरच्या पाटीवर वाचा. गाडी आठ डब्यांची आहे, गारेगार आहे आणि उतरायचं स्थानक मराठीत सांगितलं जातं. दार बंद होताना हात, पिशवी, काठी मधे घालायची नाही. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना सरकत्या जिन्याची भीती वाटते. त्यांना ओढून नेऊ नका, लिफ्टची पाटी शोधा. स्थानकं खोल आहेत, वर यायला वेळ लागतो आणि बाहेर पडायची दारं अनेक असतात. दारांजवळ कोणती इमारत कुठल्या बाजूला ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय वर आलात तर रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघता.

वेळा आणि रविवार

मेट्रो तीन साधारण सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या सुटतात. लोकल मात्र रात्री एकच्या आसपासपर्यंत चालतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. तपोवन मुंबईला रात्री दहाच्या सुमारास पोचते. ती जरा लांबली की मेट्रो गेली म्हणून समजा, लोकलचाच विचार करा.

रविवारी मेगाब्लॉक असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी दिवसा काही तास एखाद्या मार्गावरच्या गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात आणि रेल्वेच्या खात्यांवर येतं. सुट्टी म्हणून रविवारी मुंबई पाहायला येणाऱ्यांनी हे पाहिलं नाही तर दिवस प्लॅटफॉर्मवर जातो.

परत येताना

परतीला माणूस निष्काळजी होतो. तपोवन सीएसएमटीवरून भल्या सकाळी सुटते, तेव्हा मेट्रोच्या पहिल्या गाडीवर भरवसा ठेवू नका. डोंबिवली-कल्याणला मुक्काम असेल तर सीएसएमटीला जायचंच कशाला? तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन कल्याण किंवा ठाणे टाका आणि तिथूनच चढा. सीएसएमटीवरून तिकीट काढून कल्याणला चढायचं ठरवलं आणि बोर्डिंग बदलायचं विसरलात, तर टीसी जागा दुसऱ्याला देऊ शकतो. संध्याकाळच्या गाड्या असतील, तर कल्याणला चढणाऱ्यानं स्टेशनावर अर्धा तास आधी पोचावं. मुंबईतून सुटलेल्या लोकल त्या वेळी माणसं ओतत असतात, आणि त्या गर्दीतून आपल्या डब्याच्या जागेपर्यंत बॅग घेऊन सरकायलाच दहा मिनिटं लागतात. डबा कुठं लागणार ते वरच्या छोट्या इंडिकेटरवर येतं. ते पाहून उभे राहा, गाडी आल्यावर पळू नका.